शेवाळी भिंतीची वकिली

घर रंगवायचं ठरलं की मराठी कुटुंबात काही दिवस लोकशाही नांदते. शेड कार्ड टीपॉयवर येतं, आजोबांपासून समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या हातांतून फिरतं, प्रत्येक जण एकेका चौकोनावर बोट ठेवून ‘हा बरा वाटतोय’ म्हणतो आणि शेवटी एकमताने ऑफ-व्हाइट पास होतो. बंडखोरी करायची झालीच तर फिका पिस्ता, आणि फारच धाडस अंगात आलं तर टीव्हीमागची एक भिंत वाइन कलरची. या सगळ्या उलाढालीत शेड कार्डाच्या शेवटच्या पानांवर एक रंग मुकाट पडून असतो. तो म्हणजे गडद ऑलिव्ह ग्रीन. साडीच्या दुकानातला मेंदी किंवा शेवाळी. त्याच्यावर चुकून कुणाचं बोट पडलंच तर ‘ई, हा काय भिंतीला लावायचा रंग आहे?’ एवढ्यात निकाल लागतो. अपील नाही. माझं म्हणणं असं की हा निकाल चुकीचा आहे, आणि तो चुकतो कारण दोन इंचांच्या चौकोनात आपण रंग बघतो, भिंत बघत नाही. भिंतीने स्वतः मिरवायचं नसतंच. तिच्या पुढ्यात जे काही असतं, म्हणजे कपाट, समई, पुस्तकं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल आणि मुख्य म्हणजे माणसं, ते नीट दिसावं म्हणून तिने मागे उभं राहायचं असतं. या मागे उभं राहण्याच्या कामाला गडद शेवाळीइतका लायक उमेदवार शेड कार्डात क्वचित सापडेल. शेड कार्डावर त्याच्या पुढ्यात काहीच नसतं, म्हणून तो तिथे हरतो.

पहिला आक्षेप सगळ्यांत उघड आहे: हा रंग शेणासारखा दिसतो. दिसतोच. हिरवा चारा खाल्लेल्या गाईचं ताजं शेण आणि या रंगाचा उघडा डबा शेजारी-शेजारी ठेवला तर रंगकंपनीच्या माणसालाही क्षणभर थांबावं लागेल. पण हा आक्षेप घेणाऱ्यांच्या पणज्या याच रंगावर पाट मांडून जेवल्या. सारवलेली जमीन ओली असताना गडद शेवाळी असते, वाळताना हळूहळू करडट-हिरवी होते, आणि तिच्यावर चिमटीतून सोडलेली रांगोळीची बारीक रेघ दहा हातांवरून वाचता येते. ठिपके, रेघ, हळद, कुंकू, चारही जिन्नस त्या जमिनीवर जितके खुलतात तितके दुसरीकडे कुठे खुलत नाहीत. उलट नव्या फ्लॅटच्या पांढऱ्याशुभ्र व्हिट्रिफाइड टाइलवर तीच रांगोळी काढून बघा. सणाच्या दिवशी पाहुणे ती तुडवत आत येतात आणि ‘यंदा रांगोळी नाही का काढली?’ असं विचारतात. म्हणून तर उंबऱ्याबाहेर आधी गेरूचा चौकोन रंगवावा लागतो. मागे गडद, मातकट काहीतरी असल्याशिवाय पुढचं उजळ दिसत नाही हे ज्या घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याच घरात भिंतीची वेळ आली की सगळे पांढऱ्याच्या मागे लागतात. पैठणीचंही तेच. मेंदी रंगाच्या पैठणीवर जरीचा काठ कसा उठतो हे दुकानदार हातावर घडी उलगडून दाखवतो, आणि किंमत ऐकूनही माणसं मान डोलावतात. तोच रंग, तेच सोनं. फक्त साडीऐवजी भिंत आणि जरीऐवजी पितळेची समई म्हटलं की घरात बैठक बोलावली जाते.

दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा: हे बाहेरचं फॅड आहे, आपले रंग वेगळे. आता आपले रंग म्हणजे नेमके कोणते हे पाहायला अजिंठ्यापेक्षा चांगली जागा नाही. तिथल्या चित्रकारांचा रंगांचा डबा फार मोठा नव्हता. तांबडी आणि पिवळी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती, आणि हिरव्यासाठी हिरवी माती. शिवाय पाचव्या शतकातल्या चित्रांत निळाही आहे, तो लाजवर्दाचा, आणि लाजवर्द यायचा थेट अफगाणिस्तानाकडून. म्हणजे निळा इम्पोर्टेड आणि हिरवा गावचा! दख्खनच्या काळ्या पाषाणात ज्या पोकळ्या असतात त्यांच्या कडेला सेलाडोनाइट नावाचं हिरवट खनिज जमतं, तीच ही हिरवी माती. तिचा हिरवा पोपटी नाही, पाचूसारखाही नाही. दबका, मातकट, ऑलिव्हच्या भावकीतला आहे. लेण्यांच्या आतल्या मिणमिणत्या उजेडात त्या माणसांनी तो वापरला आणि त्याच्या शेजारी गव्हाळ, तांबूस, सावळे चेहरे रंगवले. दीड हजार वर्षं झाली, चेहरे अजून बोलतायत. इंग्लंडच्या फॅरो अँड बॉल या महागड्या रंगकंपनीने २०१८ मध्ये एक गडद, करडट हिरवा बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं ट्रेरॉन. ट्रेरॉन म्हणजे हिरव्या कबुतरांचं शास्त्रीय प्रजातिनाम, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल त्याच प्रजातीतला. आपल्याच वडा-पिंपळावर फुकट बसणारा रंग इंग्लंडात लिटरच्या भावाने विकला जातो. तो तिकडून परत आला की मग आपण त्याला फॅड म्हणतो.

आता हे ‘उठून दिसणं’ केवळ हौशी लोकांच्या डोळ्यांचा खेळ नाही. पॅरिसच्या गोबेलाँ या गालिचे आणि भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की कारखान्याचा काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्ह्रल यांनी तपासून पाहिलं, तर धागा उत्तम होता. दोष त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांचा होता. शेजारच्या रंगाने आपला रंग बदलून दिसतो, या एका गोष्टीवर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. (हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला यासाठी ग्रंथाची गरज पडत नाही.) त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच की हिरव्यापुढे तांबूस जास्त तांबूस दिसतो. इटलीतले जुने चित्रकार चेहऱ्याची कातडी रंगवण्याआधी खाली हिरव्या मातीचा थर द्यायचे, तो याचसाठी. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी पांढऱ्याधोप ऑपरेशन थिएटरला कंटाळून ते पालकाच्या भाजीसारखं हिरवं करून टाकलं. पांढऱ्याची तिरीप डोळ्यांत जात होती आणि रक्तामांसातले बारकावे कळत नव्हते. हिरव्यात ते कळू लागले. तेव्हा समोरचं नीट दिसायला हवं असेल तर मागे पांढरं नको, हे एका सर्जननेही हातात सुरी घेऊन सांगितलेलं आहे.

मग पिस्ता का नको, तोही हिरवाच आहे, असं कुणी म्हणेल. हा प्रश्न चांगला आहे, कारण इथेच बहुतेक घरं फसतात. फिकी भिंत तिच्यावर पडलेला उजेड भरपूर परत फेकते, पण स्वतःचा रंग मिसळून. पिस्ता भिंतींच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या गालावर, कपाळावर तो हिरवट उजेड येऊन बसतो आणि पाहुणा चहा संपायच्या आत विचारतो, ‘तब्येत बरी आहे ना?’ मुलगी बघण्याचे कार्यक्रम ज्या काळात घरोघरी होत, त्या काळात या रंगाने किती स्थळं मोडली असतील याची कुणी मोजदाद ठेवलेली नाही. गडद ऑलिव्ह मात्र उजेड गिळतो. तो परत इतका थोडा देतो की त्यातला हिरवा तुमच्या तोंडाला लागत नाही. तो मागेच राहतो, आणि शेव्ह्रल यांच्या न्यायाने तुम्ही पुढे तांबूस, टवटवीत दिसता. दोन्ही हिरवेच, पण फिका हिरवा माणसाला रंगवतो आणि गडद हिरवा माणसाला उठाव देतो.

उजेड गिळतो म्हटल्यावर ‘खोली अंधारी होईल’ हा आक्षेप दारातच उभा असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रंगकंपन्या एलआरव्ही नावाचा एक आकडा देतात, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी शंभरातला किती परत येतो. पांढऱ्याचा ८५च्या आसपास, गडद ऑलिव्हचा जेमतेम १०. खोलीच्या सहाही बाजू ८० टक्के उजेड परतवणाऱ्या असल्या तर दिव्याचा उजेड भिंतीभिंतींवर आपटत कागदोपत्री पाचपट होतो. सहाही बाजू १० टक्क्यांच्या असल्या तर १.११ पट. अकरावीच्या भूमिती श्रेढीचं गणित आहे, कुणीही करून पाहावं. तेव्हा छतासकट सगळं शेवाळी करणाऱ्याचा बचाव मी करणार नाही. त्याला विहिरीत राहायचंय, राहू द्या. छत पांढरं ठेवावं. फिकं छत उंच भासतं हे प्रयोगांतही दिसलेलं आहे, आणि आपल्या बिल्डरांनी उंचीत जी काटकसर केलेली असते ती थोडी तरी भरून निघते. फरशी बहुतेक घरांत फिकीच असते. राहिल्या भिंती. माणूस पुस्तक वाचतो तेव्हा पानावर पडणारा बराचसा उजेड दिव्याकडून सरळ येतो, भिंतीकडून वळसा घालून नव्हे. मुळात ज्या मधल्या खोलीला खिडकीच नाही, किंवा आहे ती डक्टमध्ये उघडते आणि तिच्यातून उजेडापेक्षा शेजाऱ्यांची फोडणी जास्त येते, तिथे पांढरा रंग काय परत फेकणार? आधी उजेड आला तर ना. उजेड नसलेल्या खोलीतली पांढरी भिंत पांढरी दिसत नाही, राखाडी दिसते. ती वर्षभर दिलगीर चेहऱ्याने उभी असते. त्याच खोलीला गडद ऑलिव्ह लावा आणि कोपऱ्यात एक पिवळ्या उजेडाचा दिवा ठेवा. खोली अंधारीच राहील, पण आता मुद्दाम अंधारी ठेवल्यासारखी वाटेल. हॉटेलवाले याच गोष्टीचे जेवणाच्या बिलात वेगळे पैसे लावतात.

दिवा पिवळाच हवा, आणि याला कारण आहे. संगणकावर डार्क ऑलिव्ह ग्रीन या रंगाचं सूत्र ठरलेलं आहे: २५५ पैकी लाल ८५, हिरवा १०७ आणि निळा फक्त ४७. म्हणजे हा रंग निळ्याला जवळजवळ विचारतच नाही. पिवळ्यात काळं मिसळलं की जो हिरवट निघतो, त्याच्या जवळचा आहे. आपल्या घरांत छताला जी ६,५०० केल्विनची निळसर-पांढरी ट्यूब असते, तिच्या उजेडात निळाच जास्त. तो भिंत खाऊन टाकते आणि भिंत ओल आल्यासारखी दिसते. २,७०० ते ३,००० केल्विनचा दिवा लावला की तीच भिंत आतून सोनेरी होते. शेवाळी भिंत बघून नाक मुरडणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी खरं तर ट्यूबलाइटला नाक मुरडलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. दहाव्याने ती व्हॉट्सॲपवरच्या फोटोत पाहिलेली असते, आणि फोनचा कॅमेरा गडद भिंत समोर आली की घाबरून फोटो उजळ करतो. फोटोत दिसतो तो रंग कुठल्याही डब्यात मिळत नाही.

बाकीचे आक्षेप झटपट उरकू. ‘लष्करी छावणी वाटते.’ केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या १२१व्या नियमाने संरक्षण खात्याखेरीज कुणालाही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवायला बंदी आहे. भिंतींबद्दल सरकारने असं काही म्हटलेलं नाही, आणि ज्या देशात गच्चीवर पत्रा टाकायलाही परवानगी लागते तिथे सरकारचं मौन म्हणजे प्रोत्साहनच समजायला हवं. ‘जगातला सगळ्यांत घाणेरडा रंग म्हणून तो जाहीर झालाय.’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१२च्या डिसेंबरपासून सिगारेटची पाकिटं साधी आणि बेढब करायची ठरवली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांनाच विचारून त्यांना सर्वांत नकोसा वाटणारा रंग निवडला, पॅन्टोन ४४८ सी. सुरुवातीला सरकारी मंडळी त्याला ऑलिव्ह ग्रीन म्हणत होती. तिथल्या ऑलिव्ह उत्पादकांच्या संघटनेने आक्षेप घेतला, आमच्या फळाची बदनामी होते म्हणून, आणि सरकारने मुकाट्याने शब्द बदलून ‘मळकट गडद तपकिरी’ केलं. शेतकरी बरोबरच होते: त्या रंगात लाल हिरव्यापेक्षा जास्त आहे, आपल्यात हिरवा लालपेक्षा जास्त. शिवाय सडक्या हिरड्यांच्या फोटोभोवती लावला तर आबोली रंगसुद्धा कुणाला आवडणार नाही. ‘हिरवा रंग विषारी असतो.’ असायचा. १७७५ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून झगझगीत हिरवा बनवला, आणि पुढच्या शतकात युरोपने तो भिंतींच्या कागदांवर हौसेने चिकटवला. ओल लागली, बुरशी चढली की त्यातून विषारी वायू सुटायचा. वॉलपेपरसाठी विख्यात असलेल्या विल्यम मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदांतही आर्सेनिक होतं, आणि आर्सेनिक काढणाऱ्या खाणीत त्याच्या घरचे शेअर्स होते. या भीतीला तो फारशी किंमत देत नसे, यात नवल नाही. आजच्या ऑलिव्हमध्ये मुख्यतः पिवळा आयर्न ऑक्साइड आणि काळा असतो. पिवळा आयर्न ऑक्साइड म्हणजे आपले लोक चुन्यात पिवडी कालवायचे तिच्यातलंच रंगद्रव्य. गरीब, टिकाऊ, उन्हाला आणि सिमेंटच्या खाराला दाद न देणारं. गुलाबी आणि लिंबू रंगाच्या भिंती खिडकीजवळ विटून जातात तेव्हा हा जागच्या जागी असतो.

खरी कसोटी मात्र रंगारी घरात आल्यावर लागते. पुट्टी घासून, प्रायमर मारून भिंत दुधासारखी झालेली असते आणि तिच्यावर गडद रंगाचा पहिला हात पडतो. हा पहिला हात कुणी बघू नये. रोलरचे पट्टे, मधूनमधून डोकावणारं पांढरं, स्विचबोर्डाभोवती ब्रशने केलेलं कटिंग एका छटेचं आणि मधली भिंत दुसऱ्या. सगळा मामला म्हशीने अंग घासल्यासारखा. त्याच वेळी घरातली ज्येष्ठ मंडळी नेमकी चहा घेऊन खोलीत येतात. रंगारी अनुभवी असला तर त्यांच्याकडे न बघता ‘दुसरा हात पडू द्या, काका’ एवढंच म्हणतो. दुसऱ्या हाताने पट्टे जातात, कधीकधी तिसरा लागतो, आणि खालचा प्रायमर पांढऱ्याऐवजी करडा मारला असता तर तो वाचला असता, हे तिसरा हात मारून झाल्यावर सांगायची रंगाऱ्यांची पद्धत आहे. इमल्शन वाळल्यावर गडद होतो, तेव्हा ओल्या भिंतीकडे बघून ‘जरा फिका वाटतोय’ म्हणत आणखी काळा स्टेनर घालायला लावणं हा आत्मघात. आणि मॅट घ्यावा. चकचकीत गडद हिरवा म्हटलं की सरकारी इस्पितळाच्या पॅसेजमधला, कमरेइतका मारलेला ऑइल पेंट आठवतो, आणि पाहुणे नकळत केसपेपर शोधू लागतात.

या रंगाचे दोष नाहीत असं नाही. मॅट भिंतीवर हात फिरवला की तिथे चकाकी येते, त्यामुळे डोकं टेकून टीव्ही बघणाऱ्याची जागा वर्षभरात भिंतीवर कायमची नोंदली जाते. फोडणीचे शिंतोडे दिसतात, तेव्हा स्वयंपाकघराला तो नको. पावसाळ्यात भिंतीतून लोणा फुलला तर पांढऱ्यावर तो दोन वर्षं खपून जातो, इथे पहिल्या आठवड्यात हजेरी लावतो. माझ्या मते हा गुणच, पण घरमालकाला तसं वाटणार नाही, आणि भाड्याच्या घरात हा रंग लावू नये हे मी वकील असूनही सांगतो, कारण सोडताना परत पांढरं करायला दोन हात जास्त लागतात आणि ते डिपॉझिटमधून जातात. पालीच्या लेंड्यांना पांढरं टोक असतं, तेही या भिंतीवर लगेच कळतं. डासाचं मात्र उलटं आहे. पांढऱ्या भिंतीवर बसलेला डास लांबूनही दिसतो आणि चप्पल उचलायला वेळ मिळतो. गडद भिंत त्याला मुळात आवडते, आणि शेवाळी भिंतीवर त्याला सैन्याचा गणवेशच मिळतो. बॅट हातात घेऊन चष्मा लावलेला गृहस्थ भिंतीशी नाक लावून रात्री साडेअकराला उभा असतो, डास त्याच्या कोपरापाशी असतो, आणि पलंगावरून कुणीतरी म्हणत असतं, ‘तरी सांगत होते, ऑफ-व्हाइट घ्या.’ या आक्षेपाला माझ्याकडे युक्तिवाद नाही. खिडकीला जाळी बसवून घ्यावी, आणि ती रंग लावायच्या आधी, नाहीतर सुताराच्या हातांचे ठसे काढायला रंगाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं.